उंदीर, हिमनदी आणि आपलं शिवार



इथं भेटेल तो विचारतोय, "संगणकावर तू नेमकं करतेस काय?" त्यापेक्षा उंदरांची एक खरी गोष्ट सांगते. हिवरे बाजारला ती चटकन समजेल.

दक्षिण अटलांटिक महासागरात साउथ जॉर्जिया नावाचं बर्फाळ बेट आहे. सील आणि देवमासे मारायला येणाऱ्या जहाजांतून तिथं उंदीर उतरले. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं त्यांनी फस्त केली. जगात फक्त तिथंच असणारा पिपिट हा लहानसा पक्षी उंदीर न पोचलेल्या जागांपुरता उरला. बेट इतकं मोठं, की सगळीकडे एकदम विषारी आमिष टाकणं अवघड. एका भागातले मारले, तर शेजारचे येणार का, हाच प्रश्न होता.

न्यूझीलंडच्या संशोधकांनी उंदरांचा डीएनए तपासला. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. तो आईबापाकडून पिल्लांकडे येतो आणि पिढ्यान् पिढ्या नकलताना त्यात बारीक फरक पडत जातात. दोन जागच्या उंदरांचे फरक जुळले, तर त्यांचं येणंजाणं आहे. नाही जुळले, तर सोयरीक तुटलेली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की हिमनदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे उंदीर वेगळ्या गोतातले आहेत. म्हणजे ते हिमनदी ओलांडत नाहीत, आणि एकेक तुकडा स्वतंत्र साफ करता येतो. पण हिमनद्या वितळून मागे हटत होत्या. वाट मोकळी होण्याआधी काम उरकायला हवं होतं. २०११ ते २०१५ या काळात तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरमधून आमिष टाकलं. २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं.

आपण पाणलोटाचं काम माथा ते पायथा केलं, ते याच हिशेबानं. आधी पाणी कुठून कुठं जातं ते पाहिलं, मग चर खोदले. शेतीला बोअरचं पाणी घ्यायचं नाही, हा नियमही सगळ्यांनी पाळला म्हणूनच विहिरींना पाणी राहिलं.

आपल्या रानात हिमनदी नाही. उंदीर बांध मानत नाही. एकट्यानं औषध ठेवलं, तर रिकाम्या बिळांत शेजारचे येऊन राहतात. म्हणून माझी विनंती आहे: शाळेतल्या मुलांनी शिवारातल्या बिळांचा नकाशा काढावा आणि पेरणीआधी सगळ्या शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात बंदोबस्त करावा. पाण्याचा ताळेबंद मांडणाऱ्या गावाला हे जड नाही. नकाशा संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे.