‘बरं आहे ना?’च्या पुढचं



दुपारची भांडी झाली असतील. कुणी शेंगा फोडत बसलं असेल, कुणी तांदूळ निवडत असेल. हात चालू राहू देत, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही तिघी बोलणार आहोत. आम्ही एकाच बचत गटातल्या, आणि या रेडिओसाठी वाड्यावस्त्यांवर रेकॉर्डिंग करत फिरतो. आजचा विषय आम्हीच मागून घेतला, कारण त्यात आमची एक चूक आहे. ती एकदा सगळ्यांसमोर सांगायची होती.

विषय प्रश्नांचा. शाळेतल्या पेपरातल्या नव्हे, आपण एकमेकींना विचारतो त्या प्रश्नांचा.

तर चूक आधी सांगतो. आमच्या गटातली एक बाई. नाव सांगणार नाही, आणि तुम्हीही शोधत बसू नका. हे सांगायला तिची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं थोडं बदललंय. ही बाई गटात सुरुवातीपासूनची, हप्ता कधी चुकवला नाही. एका पावसाळ्यात मात्र तिचं येणं थांबलं. बैठक मंगळवारी संध्याकाळची. एक मंगळवार आली नाही, दुसरा आली नाही, तिसरा नाही. चौथ्याला आली तर रिकाम्या हाताने. आम्ही भरल्या बैठकीत विचारलं, “हप्ता का नाही आणला? बैठकीला का येत नाहीस?” ती म्हणाली, “पुढच्या वेळी देते.” नियमाप्रमाणे गैरहजेरीचा दंड लावला, तीन बैठकांचे दहा दहा रुपये. प्रोसिडिंगमध्ये लिहिला. तिने पदराच्या गाठीतून तीस रुपये काढून दिले आणि गेली. त्यानंतर ती आलीच नाही.

मग आम्ही काय केलं? जे सगळ्याच करतात ते. तिच्यामागे बोललो. पोराला मोबाईल घेतला म्हणे. बाजारातून उशिरा येते म्हणे, कुठं जाते कोण जाणे. दुसऱ्या गटाकडून कर्ज उचललं असेल. अंदाज करायला आम्हाला पुष्कळ वेळ होता. तिच्या घरापर्यंत चालत जायला नव्हता, आणि घर आहे चार मिनिटांवर.

गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ असेल. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, आणि हिशोबाच्या नोंदी. पाचही आम्ही पाळत होतो. आमच्या गटाला तपासणीत चांगले गुण होते. हे मुद्दाम सांगतोय, कारण गुण चांगले असताना एक बाई आमच्यातून निघून गेली होती आणि वहीत ती नुसती “गैरहजर” होती.

आता ती परत कशी बोलली ते ऐका. श्रावणात सोयाबीनच्या खुरपणीला आमच्यातली एक आणि ती शेजारच्या पातीला लागल्या. दुपारी बांधावर भाकरी सोडली. तिने कारळ्याची चटणी आणली होती, ती आपल्याकडच्यापेक्षा वेगळी लागली. आमच्या मैत्रिणीने सहज विचारलं, “ही चटणी कुणाकडून शिकलीस गं?” ती म्हणाली, “आईकडून.” एवढंच बोलून गप्प झाली. इथं आपण काय म्हटलं असतं? “आई बरी आहे ना?” आणि ती म्हणाली असती, “बरी आहे.” विषय संपला असता. पण आमच्या मैत्रिणीला खरंच चटणीचं कुतूहल होतं. तिने विचारलं, “मग आई अजून स्वतः करते का ही चटणी?”

ती म्हणाली, “आता तिला उठताही येत नाही.”

पुढचं सगळं ती पातीला लागल्यावर बोलली, गवत उपटता उपटता. आई न्हाणीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. भाऊ-भावजय कामासाठी लांब शहरात. सासरी आधीच कधीतरी ऐकवलेलं, की माहेरचं माहेरच्यांनी बघावं. म्हणून ही दर मंगळवारी बाजाराला जाते सांगून एसटीने माहेरी जायची. आईला न्हाऊ घालायची, कपडे धुवायची, आणि शेवटच्या गाडीने परत यायची. बायकांना अर्धं तिकीट झालंय म्हणून तेवढं तरी जमत होतं. मजुरीचे पैसे औषधात आणि आईला दोन घास देणाऱ्या शेजारणीच्या हातात जात होते. हप्ता कुठून आणणार? आणि बैठक नेमकी मंगळवारी.

आम्ही पैशाचं विचारलं होतं. मंगळवारचं कुणीच विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून आम्ही आमचेच प्रश्न ऐकायला लागलो. रेकॉर्डिंगचा एक फायदा असतो, आपण काय विचारलं ते परत ऐकता येतं. जुन्या मुलाखती लावून बसलो आणि आमची आम्हालाच लाज वाटली.

पहिलं लक्षात आलं ते ‘ना’बद्दल. “बरं आहे ना?” “त्रास नाही ना?” “जेवलीस ना?” हे प्रश्न दिसतात, पण त्यात उत्तर आपणच घालून दिलेलं असतं. समोरचीला फक्त “हो” म्हणायचं असतं. ‘नाही’ म्हणायचं तर तिला आपलं वाक्य मोडावं लागतं, आणि दुःखात असलेल्या बाईला तेवढं बळ कुठून असणार? असं विचारायचंच नाही असं नाही. वाटेवर भेटल्यावर “बरं आहे ना?” हा रामराम आहे, तो राहू द्या. पण तेवढ्यावर आपण विचारपूस केली असं समजू नये.

दुसरं ‘का’. “का आली नाहीस?” “का सोडलंस?” “का गप्प आहेस?” आपल्या बोलीत ‘का’ म्हटलं की झडती घेतल्यासारखं वाटतं. लहानपणापासून ‘का’ आपण ओरडा खाताना ऐकलेला असतो. का सांडलंस, का उशीर केलास. म्हणून ‘का’ ऐकला की माणूस सांगत नाही, सफाई देतो. तोच प्रश्न “त्या दिवशी काय झालं होतं?” असा विचारून बघा. “मंगळवारचा तुझा दिवस कसा जातो?” असं विचारा. आम्ही हे करून बघितलंय, आणि घरात पोरांवर तर आधी करून बघितलंय. “अभ्यास का केला नाहीस”ला भिंतीसारखं तोंड करणारा पोरगा “आज वर्गात कोण कोण हसलं?” म्हटल्यावर अर्धा तास बोलत होता.

तिसरी गोष्ट आमच्या तिघींतही अजून आहे, ती जाता जात नाही. समोरची बोलायला लागली की आपण म्हणतो, “अगं, माझंही असंच झालं होतं.” आणि आपली कहाणी सुरू. मन मोकळं करायला ती आलेली असते आणि मोकळ्या होतो आपण! दुसरी सवय सल्ल्याची. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत “तू असं कर, त्या डॉक्टरकडे जा.” एका रेकॉर्डिंगमध्ये आम्ही एका आजीला सात वेळा मध्ये तोडलं होतं. मोजलं आम्ही.

आता आम्ही एक करतो. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत आकडे म्हणतो. दहा आकडे फार लांब वाटतात, पहिल्यांदा तर जीव कासावीस होतो. पण बहुतेक वेळा सात-आठला समोरची बोलते, आणि जे बोलते ते आधीच्या उत्तरापेक्षा वेगळं असतं. आणखी एक, समोरासमोर डोळ्यात बघत बसू नका. हाताला काम असू द्या. पापड लाटताना, शेंगा फोडताना, पातीला पात लावून खुरपताना बाई बोलते. नजर हातावर असली की जीभ सैल होते.

जात्यावर तेच व्हायचं. आपल्या आया-आज्या पहाटे जात्यावर बसायच्या, समोर बसून दुसरी खुंट्याला हात लावायची, आणि दिवसभर जे बोलता यायचं नाही ते ओवीतून यायचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे असलेले गी पॉइतवाँ यांनी या ओव्या गोळा करायचं काम उभं केलं. गावोगावच्या कार्यकर्त्या त्यात होत्या. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. विचार करा, इतक्या बायांना कुणीतरी जाऊन विचारलं होतं, “तुम्ही जात्यावर काय म्हणायचात?” त्याआधी ते कोण विचारत होतं? सरकारी माणूस आला तरी बाईला विचारायचा, “मालक कुठं गेलेत?”

आम्ही पण ओव्या रेकॉर्ड करायला गेलो होतो. एका आजीला म्हटलं, “आजी, ओव्या म्हणा.” त्या म्हणाल्या, “मला काय येतंय बाई, सगळं विसरलं.” तासभर बसून हात हलवत निघालो. निघताना आमच्यातल्या धाकटीने विचारलं, “आजी, तुमच्या जात्याला समोरून हात कोण लावायचं?” आजी खाली बसल्या. म्हणाल्या, “माझी थोरली जाऊ.” मग जावेचं नाव, तिचं बाळंतपणात जाणं, तिची पोरं यांनी वाढवली ते, आणि मग ओव्या. अठरा ओव्या आल्या त्या दिवशी. गाडी चुकली, मुक्काम तिथंच झाला, आणि रात्री आजीच्या हातची शेंगोळी खाल्ली.

आता घरातलं. परक्या आजीला विचारणं सोपं आहे, सासूबाईंना विचारणं अवघड. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई भाकरी मोजतात. टोपल्यात किती केल्या, किती उरल्या, कुत्र्याला कुणी टाकली, सगळा हिशोब. सुनेला वाटायचं, आपल्या खाण्यावर लक्ष आहे. चौदा वर्षं मनात अढी. मग रेडिओसाठी जुन्या रानभाज्यांचं रेकॉर्डिंग करायचं होतं म्हणून तिने घरातच सुरुवात केली. “आई, तुम्ही या घरात आलात त्या वर्षी काय काय खायचात?”

सासूबाई म्हणाल्या, “लग्न झालं ते बहात्तरच्या दुष्काळात.” अंगावरची हळद उतरली नाही तोवर खडी फोडायला गेल्या दुष्काळी कामावर. तिथं सुकडी मिळायची. घरात मिलोची लाल भाकरी. एक भाकरी दोघांत, आणि नवीन सुनेचा नंबर शेवटचा. एकदा त्यांच्या वाट्याला काहीच उरलं नाही. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, मोजायचं राहिलं होतं. “तेव्हापासून मी मोजते,” त्या म्हणाल्या. “माझ्या घरात कुणाला कमी पडायला नको.” सून म्हणते, भाकरी अजून मोजतात, मला अजून रागही येतो. पण आता तो निराळा राग आहे.

एक ठळक सांगायलाच हवं. कुतूहल आणि नसत्या चौकश्या यांत फरक आहे, आणि आपल्या गावात दुसऱ्याचीच सुबत्ता आहे. “गोड बातमी कधी?” “दोन्ही मुलीच का?” “नवरा नेत नाही का तुला?” हे प्रश्न विचारणारीला उत्तर माहीत असतं, तिला फक्त समोरचीचं तोंड बघायचं असतं. एकट्या राहणाऱ्या बायांना तर हळदीकुंकवालाही सोडत नाहीत. आम्ही आता विचारण्याआधी स्वतःला तपासतो, की हे आपल्याला तिच्यासाठी हवंय की संध्याकाळी दुसरीला सांगायला? दुसरीला सांगायला असेल तर तोंड मिटायचं. आणि चांगला प्रश्न असला तरी आधी म्हणायचं, “सांगावंसं वाटलं तरच सांग.” तिने सांगितलं नाही तर रुसायचं नाही.

आणि विचारल्यावर जे येईल ते पेलायची तयारी ठेवा. कधी कधी मारहाणीचं येतं. तेव्हा “सहन कर, सगळ्यांच्याच घरी असतं” म्हणू नका. महिला हेल्पलाईनचा नंबर 181 आहे, तातडीला 112. तालुक्याला संरक्षण अधिकाऱ्याचं विचारता येतं, 2005च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने त्यांची नेमणूक असते. फोन लावायचा की नाही हे तिने ठरवायचं, सोबत जायचं ते आपण.

आता आमच्या त्या मैत्रिणीचं. गटाची बैठक शुक्रवारी केली. तिच्या कर्जाचे हप्ते लांबवून लहान केले. पुढचे काही मंगळवार आमच्यातली एक तिच्यासोबत एसटीने जायची. घरी तिने पुढे स्वतःच सांगितलं, तिथं काय झालं ते तिचं आहे, आम्ही सांगणार नाही. माघात तिची आई गेली. आम्ही सगळ्या भेटायला गेलो तेव्हा “कसं झालं, किती वाजता झालं” यातलं काही विचारलं नाही. आमच्यातली एक म्हणाली, “आईचं काहीतरी सांग.” ती बराच वेळ आईच्या आवाजाबद्दल बोलत होती. आईला गावभर हाक ऐकू जायची म्हणे.

एकदा आम्ही धीर करून तिला विचारलं, “तेव्हा आम्ही घरी येऊन विचारलं असतं, तर सांगितलं असतंस का?” आम्ही दहापर्यंत मोजलं. ती म्हणाली, “सांगितलं नसतं बहुतेक. पण तुम्ही आला होता, एवढं तरी लक्षात राहिलं असतं.”

दंडाचे तीस रुपये परत करायचे म्हणून आम्ही वही काढली. ती नको म्हणाली. “लिहिलंय ते राहू द्या, खोडू नका.” म्हणून ते तसंच आहे, त्या पानावर, आमच्या तिघींच्या सह्यांसकट.

पुढच्या बुधवारी याच वेळेला सासूबाईंचं रानभाज्यांचं रेकॉर्डिंग लावणार आहोत. त्यात कुंजीर, तांदुळजा, पाथरी सगळं आहे, आणि मध्येच एकदा त्या सुनेला विचारतात, “तुला गं, माहेरी काय आवडायचं?” ते नक्की ऐका. नमस्कार.