दुष्काळाकडे परत



‘ख्रिस्ती श्रद्धा आणि संकटातले धैर्य’ हा विषय संयोजकांनी दिला, तेव्हाच मी सांगून टाकले की मी एकाच बाईबद्दल बोलेन. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांची विद्वत्ता, कलकत्त्यात मिळालेल्या पदव्या, अमेरिकेतली भाषणे या गोष्टी तुम्ही ऐकलेल्या आहेत, म्हणून त्या बाजूला ठेवतो. मला एका तिरडीपासून सुरुवात करायची आहे.

१८७४ साल. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणे सांगत दक्षिणेत तीर्थोतीर्थी हिंडत होते. दुष्काळ पडला. जवळचे पैसे संपले, दागिने गेले, भांडीही विकली. शास्त्र्याच्या घरात कोणाला मजुरी माहीत नव्हती आणि हात पसरायची लाज होती. शेवटी रानात शिरून त्यांनी अकरा दिवस पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानटी खजूर यांवर काढले. वडील गेले. पाठोपाठ आई गेली. प्रेत उचलायला माणसे मिळेनात. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा खांदेकरी भाऊ श्रीनिवास, आणि चौथी सोळा वर्षांची रमा. ती ठेंगणी. खांदा दिला असता तर तिरडी एका अंगाला कलली असती. म्हणून तिने आपल्या वाट्याचे टोक डोक्यावर घेतले. मसणवाट तीनेक मैल लांब होती. आईचे ओझे असे डोक्यावर घेऊन चाललेली ती मुलगी मनापुढे आली की माझे बोलणे आपोआप हळू होते.

पुढे थोरली बहीणही गेली. भाऊ-बहीण हजारो मैल पायी हिंडले. झेलमच्या काठी थंडीने जीव जायची वेळ आली. पांघरूण नव्हते. तेव्हा वाळूत दोन खड्डे खणून दोघे त्यांत शिरली आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. तो भाऊ १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी रमाबाईंचे लग्न झाले, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला, बिपिनबिहारी मेधावींना, कॉलऱ्याने नेले. रमाबाई तेवीस वर्षांच्या, आणि त्यांची मुलगी मनोरमा अजून वर्षाचीही नव्हती.

इथवर जे सांगितले त्यात ख्रिस्ती धर्म कुठेच नाही, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. ते मी मुद्दामच आधी सांगितले. रमाबाईंचे धैर्य बाप्तिस्म्याने आले, असे म्हणणे त्या मुलीवर अन्याय करणे होईल. सोसण्याची ताकद त्यांच्यात आधीपासून होती, आणि ती त्यांनी आईबापांकडून घेतली होती. मग ख्रिस्तावरच्या श्रद्धेने त्यांना दिले काय?

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या भगिनींच्या मठात राहिल्या. तिथल्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलम भागातले एक आश्रयगृह दाखवले. ज्यांना समाज ‘पतित’ म्हणतो, अशा बायका तिथे राहत होत्या आणि भगिनी त्यांच्याशी मायेने वागत होत्या. हे रमाबाईंनी पूर्वी कुठे पाहिले नव्हते. असे का, म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवण्यात आला. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर एकटी पाण्याला आलेली ती शोमरोनी बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिचे सगळे आयुष्य त्याला ठाऊक आहे, आणि तरी तो तिच्याशी बोलत बसतो. रमाबाईंच्या मनात ही कथा घर करून राहिली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा झाला म्हणजे सगळे मिटले, असे मात्र नव्हे. शिकवणाऱ्या भगिनींशी त्या पत्रांतून कडाडून वाद घालत. पटत नाही ते मानणार नाही, हा त्यांचा बाणा. आपल्याला धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी ध्यानात आले, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले. आपल्या मंडळ्यांतल्या तरुणांना मला हे आवर्जून सांगायचे आहे: शंका असली म्हणजे श्रद्धा गेली असे समजू नका.

भारतात परतल्यावर १८८९ मध्ये मुंबईत त्यांचे शारदा सदन, विधवा मुलींची शाळा, निघाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. १८९३ मध्ये तिथल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून गदारोळ झाला. रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले, मुली काढून नेल्या गेल्या. त्या मुलींच्या आईबापांची भीती खरी होती, हे मी ख्रिस्ती असूनही मानतो. पण आपल्या घरात देवाचे नाव दार लावूनच घेईन, असे रमाबाईंनी कबूल केले नाही, हेही मला योग्यच वाटते.

आता मूळ गोष्ट. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या आल्या, आणि रमाबाईंच्या डोळ्यांपुढे वीस-बावीस वर्षांपूर्वीचे रान उभे राहिले. माणूस एकदा जिथे पोळतो तिकडे पुन्हा फिरकत नाही. शिवाय त्यांच्याकडे सबब होती: बॉस्टनच्या मंडळाने शारदा सदनासाठी कबूल केलेल्या दहा वर्षांच्या मदतीची मुदत संपत आली होती. तरी त्या गेल्या. तिथली अन्नछत्रे, हाडांचे सापळे झालेल्या पोरी आणि त्या पोरींवर टपलेली माणसे त्यांनी पाहिली. काही महिन्यांत तीनशेच्या आसपास मुली-बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग सुरू झालेला, म्हणून शहरात जागा नाही. तेव्हा संस्थेला उत्पन्न व्हावे म्हणून केडगावला जी जमीन घेतली होती तिथे त्यांना नेले. त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. विहिरी खणल्या, शेती आली, विणकाम आले, छापखाना आला. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात पुन्हा तेच, आणि मुक्ती सदनातल्या बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. दुष्काळातून जिवंत बाहेर पडायला लागते ते धैर्य त्यांच्याजवळ होतेच. दुसऱ्याची मुलगी वाचवायला त्याच दुष्काळात आपल्या पायांनी परत जायचे बळ त्यांना ख्रिस्ताने दिले, ही माझी श्रद्धा आहे. तो स्वतःही पाठ फिरवून पळाला नाही. गेथशेमाने बागेत हा प्याला टळो अशी त्याने विनवणी केली, म्हणजे भीती त्यालाही होती. आणि तरी तो उठला आणि पुढे गेला.

दुसऱ्याच्या दुःखात असे आपल्या पायांनी शिरणे मी घरीही पाहिले आहे. माझे वडील वारले तेव्हा भेटायला येणारे ‘देवाची इच्छा’ म्हणत, आणि ते शब्द मला बोचत. उपयोग झाला तो शेजारच्या काकूंचा. त्या काही बोलल्या नाहीत. तेरा दिवस सकाळ-संध्याकाळ डबा आणत राहिल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या, हेही सांगतो.

रमाबाईंवरचा शेवटचा घाव फार मोठा होता. कान जवळजवळ गेलेले. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचे म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या भाषांतराला बसलेल्या. पुढचा सगळा भार उचलेल अशी आशा जिच्यावर होती ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी गेली. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. रमाबाई पुन्हा मुद्रिते तपासायला बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या.

ते संपूर्ण मराठी बायबल १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यात छापून झाले. त्याचे खिळे तिथल्या बायकांनी जुळवले.

पुणे-दौंड मार्गावर केडगाव स्टेशन आहे. मुक्ती मिशन आजही तिथे चालू आहे. पुढच्या सुट्टीत घरातल्या मुलांना घेऊन एकदा जाऊन या.