मिक्सर थांबला म्हणजे जळला असं नाही

सोनपेठ असो की परभणी, शेंगदाण्याचा कूट किंवा काळा मसाला करताना मिक्सर मध्येच थांबला की पहिला शब्द निघतो, ‘जळला!’ पण थांबणं आणि जळणं यांत फार अंतर आहे. कोरडं, कठीण वाटण सलग फिरवलं की मोटर तापते आणि ओव्हरलोड स्विच वीज तोडतो. तो बसवलेलाच असतो मोटर वाचवायला. प्लग काढा, भांडं रिकामं करा, अर्धा तास जाऊ द्या, मग तळाचं लाल बटण दाबा. मोटर घुमते पण पातं फिरत नाही? दोष बहुधा मोटर आणि भांडं जोडणाऱ्या कपलरचा. त्याचे झिजलेले दाते बोटालाच कळतात. पातं हाताने फिरवताना अडकत असेल, तर भांड्याचा बुश गेला. आत ठिणग्या वाढल्या, तर कार्बन ब्रश संपत आलेत.

‘त्यापेक्षा नवाच घेऊ’ असं कुणी म्हणेल. वाइंडिंग खरंच जळली असेल, तर तो हिशेब पटतो. पण कपलर, बुश, ब्रश हे झिजणारे आणि बदलता येणारेच भाग. त्यांच्यापायी धडधाकट मोटर भंगारात का घालायची? 1960च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी ‘सुमीत’ मिक्सर घडवला, तोच मुळी परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकेना म्हणून; टिकण्यासाठी घडवलेली वस्तू लगेच टाकायची कशाला? विजेची भीती मात्र रास्त आहे. जळका वास आला, हाताला झिणझिण्या जाणवल्या, तर घरी खोलू नका, मेकॅनिककडेच न्या.