जनरल मनोज पांडे : सॅपर ते लष्करप्रमुख
(जीर्णोद्धार सोहळ्यात झालेले भाषण)



मंदिराचा पाया कितीही खोल असो, येणाऱ्याची नजर कळसावरच जाते. फौजेतील अभियंत्यांचे पुष्कळ वर्षे असेच होते.

आपला मुलूख तलावांचा. नवेगाव बांधचा तलाव आणि गावोगावच्या बोड्या बांधणाऱ्या कोहळी मंडळींच्या या भागात पाणी कसे अडवावे हे मी सांगायला नको. हीच विद्या घेऊन जो फौजेत जातो तो सॅपर. सैन्याच्या पुढे जाऊन सुरुंग काढायचे, नाल्यावर पूल टाकायचा, डोंगर फोडून रस्ता करायचा, आणि वेळ आली तर बंदूकही धरायची. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे रामा राघोबा राणे यांनी 1948 च्या एप्रिलात नौशेरा-राजौरी रस्त्यावरील सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांना परमवीरचक्र मिळाले.

एवढे शौर्य असूनही लष्करप्रमुखाची खुर्ची मात्र पायदळ, रणगाडा दल आणि तोफखाना यांच्याच वाट्याला येई. बॉम्बे सॅपर्सचेच प्रेमिंद्रसिंग भगत यांनी 1941 साली आफ्रिकेच्या लढाईत चार दिवसांत पंधरा सुरुंगक्षेत्रे साफ करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले. परंतु 1974 साली तेव्हाचे प्रमुख जनरल बेवूर यांना मुदतवाढ मिळाली आणि भगत प्रमुख न होताच निवृत्त झाले. बेवूर कर्तबगार होते, त्यांना बोल लावण्याचा माझा हेतू नाही. पण सॅपर मंडळींना ती गोष्ट लागली असणारच.

त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षे गेली. 30 एप्रिल 2022 रोजी नागपूरचे मनोज पांडे लष्करप्रमुख झाले. ते एकोणतिसावे प्रमुख आणि अभियंता दलातून आलेले पहिलेच. त्यांच्या मातोश्री आकाशवाणी नागपूरच्या निवेदिका होत्या. येथील वडीलधाऱ्यांनी तो आवाज रेडिओवर ऐकला असेल. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून निघून डिसेंबर 1982 मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये दाखल झाले. संसदेवरील हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रम सुरू झाले, तेव्हा जम्मूकडील पल्लनवाला भागात 117 इंजिनिअर रेजिमेंट त्यांच्या हाताखाली होती. इथिओपिया-इरिट्रियात संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचे ते मुख्य अभियंता होते.

पण निव्वळ पूल-रस्ते बांधून कोणी प्रमुख होत नाही. लढणाऱ्या फौजेचे नेतृत्व करून दाखवावे लागते. पांडे यांनी नियंत्रण रेषेवर पायदळाची ब्रिगेड सांभाळली, लडाखमध्ये पहाडी डिव्हिजन, ईशान्येत कोअर, मग अंदमान-निकोबार आणि पूर्व विभाग. जून 2024 अखेर ते निवृत्त झाले.

मुलगा गणितात हुशार निघाला की आपण म्हणतो, याला इंजिनिअर करू. दांडगा निघाला की म्हणतो, याला फौजेत धाडू. ही वाटणी मला कधीच पटली नाही. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलाला दोन्ही दारे उघडी आहेत. प्रबोधिनीची परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि 2022 पासून तेथे मुलींनाही प्रवेश आहे. ज्यांना माहिती हवी त्यांनी महाप्रसादानंतर मला मंडपात भेटावे. पंगत खोळंबली आहे, मी रजा घेतो.