मोडीचे वळण आणि नव्या लिपीचा छंद



अरबी अक्षरांचे वळण पाहून मराठीसाठी तशीच एखादी नवी लिपी घडवावी, असा छंद काही तरुणांना असतो. छंद चांगला आहे. पण असा प्रयोग आपल्याकडे पूर्वीच झाला होता की काय, हे आधी पाहू.

यादवांचा प्रधान हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने तेराव्या शतकात मोडी सुरू केली, अशी परंपरा सांगते. अरबी अक्षरांचे इराणात बनलेले एक घाईचे वळण आहे, शिकस्ता. त्या फारसी शब्दाचा अर्थ ‘मोडलेले’. त्यावरूनच मोडीची कल्पना आणि नाव आले, असे मत मांडले गेले. नाव जुळते खरे. पण ते वळण रूढ झाले सतराव्या शतकात. चारशे वर्षांनंतरच्या वळणाची नक्कल हेमाडपंत कशी करणार? सुलतानांच्या काळात एकाच कागदावर फारसी आणि मोडी शेजारी नांदल्या, एवढे मात्र खरे.

आता घडण पाहा. अरबीत २८ अक्षरे, लेखन उजवीकडून डावीकडे, ऱ्हस्व स्वर बहुधा गाळलेले. मोडी चालते डावीकडून उजवीकडे आणि काना-मात्रा अक्षराला लावते. ओळभर शिरोरेघ आधी ओढायची, मग बोरू होईल तितका कमी उचलून अक्षरे लिहीत जायची. इ-ई एक, उ-ऊ एक. म्हणजे हाडे नागरीच्या कुळातली. अरबी वळणाशी साम्य आहे ते हात न थांबवण्याच्या युक्तीत. कारकुनाची निकड दोन्हीकडे सारखीच होती.

पण लिहिणाऱ्याची सोय ती वाचणाऱ्याची अडचण. छापखान्याने बाळबोध उचलली, विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली. आज पणजोबांचे खरेदीखत घरच्या पेटीत असते, बांधाचा तंटा दारात असतो, आणि कागद वाचायला माणूस मिळत नाही. २०१४ साली युनिकोडने मोडीला संगणकात जागा दिली. वाचक कोण देणार?

म्हणून नवी लिपी घडवणाऱ्याला माझे सांगणे एवढेच : अक्षरे जरूर काढा, पण ती वाचणार कोण, हे आधी ठरवा. आणि हात बसवायचाच असेल, तर या उन्हाळ्यात घरच्या पेटीतला एक कागद घेऊन मोडीवर बसवा. त्या कागदाला तुमची गरज आहे.