पातळ कवचाची साक्ष

समुद्र अथांग आहे. त्यात काहीही सोडले तरी ते विरून जाते, असा माणसाचा जुना समज आहे. हा समज किती फोल आहे, ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या अनाकापा बेटावरील पेलिकन पक्ष्यांनी दाखवून दिले.

१९७० साली या बेटावर तपकिरी पेलिकनांची ५५२ घरटी होती. परंतु त्यांतून वाढून उडू शकले ते केवळ एक पिल्लू. पक्षी वरकरणी धडधाकट होते, अंडीही घालीत होते; मात्र ती घरट्यातच चिरडली जात. पेलिकन आपल्या पायांच्या पडद्यांची ऊब देऊन अंडी उबवितो. कवच इतके पातळ झाले होते की, त्याला जन्मदात्यांचाच भार सोसवत नव्हता.

असे का व्हावे? लॉस एंजेलिस येथील एका कारखान्याचे डी. डी. टी. मिश्रित सांडपाणी गटारांवाटे समुद्रात जात होते. हे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही. ते प्राण्यांच्या मेदात साठते. सूक्ष्म जीवांतून ते मांदेलीच्या कुळातील अँकोव्ही मासळीत आणि त्या मासळीतून पेलिकनांत गेले. प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत गेले. शरीरात त्यापासून डी. डी. ई. बनते, आणि त्यामुळे कवच घडविणाऱ्या ग्रंथीत कॅल्शियमचा पुरवठा खुंटतो.

या विषाचा माग संग्रहालयांतील जुन्या अंड्यांनी दिला. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये बहिरी ससाण्याच्या जुन्या व नव्या अंड्यांची तुलना केली, तेव्हा डी. डी. टी. प्रचारात आल्यानंतर कवचे एकाएकी पातळ झाल्याचे आढळले.

याच द्रव्याने हिवतापापासून असंख्य माणसांचे प्राण वाचविले, हेही विसरता येत नाही. परंतु घरात डासांवर फवारणे निराळे आणि समुद्रात टनावारी सोडून देणे निराळे.

१९७० च्या सुमारास ते सांडपाणी थांबले. १९७२ मध्ये अमेरिकेने डी. डी. टी. च्या सर्वसाधारण वापरावर बंदी घातली. घरट्यांत पुन्हा पिल्ले दिसू लागली, आणि २००९ मध्ये तपकिरी पेलिकनचे नाव त्या देशाच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून वगळण्यात आले. तथापि त्या किनाऱ्याजवळच्या तळाच्या गाळात ते विष अद्यापि आहे.

म्हणूनच किनाऱ्याला लागलेले मृत पक्षी मोजून समुद्राच्या आरोग्याची परीक्षा पुरी होत नाही. घरट्यांतून किती पिल्ले उडाली, हेही वर्षानुवर्षे मोजावे लागते.