जुहूला जाताय? आधी तिथी बघा!

इअरफोन लावलेत ना? आजचा एपिसोड छोटा आहे, पण या वीकेंडला उपयोगी पडेल.

समुद्र आणि बेट म्हटलं की आपण थेट मालवण किंवा अंदमानची तिकिटं बघतो. पण आपलं जुहू हेसुद्धा एकेकाळी बेटच होतं. साष्टीच्या पश्चिमेला वाळूची एक लांबट पट्टी, आणि ओहोटीला मधली खाडी चालत ओलांडून तिथे जाता यायचं. पोर्तुगीज त्याला ‘जुवेम’ म्हणायचे. पुढे १९२८ मध्ये इथे विमानतळ झाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन इथेच उतरले. आज आपण येतो, भेळ खातो, सूर्यास्ताची रील काढतो आणि निघतो. खरं जुहू मात्र दिसतं ओहोटीला.

ओहोटी कधी हे कसं कळणार? मी पडलो सॉफ्टवेअरवाला, मला फॉर्म्युला लागतो. आणि तो कोकणात कधीपासून आहे! तिथी घ्या, तिची पाऊणपट करा; येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. द्वितीया? दोनची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास भरती. अष्टमी? सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे पंधरा, तर सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा की ओहोटी. चंद्रामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणून हे गणित जमतं. अर्थात हा अंदाज आहे. निघण्याआधी मुंबईचं त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक फोनवर बघाच.

आता दिवस कोणता निवडायचा? अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार मागे जात नाही. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप ओसरतं. म्हणून त्या दिवसाची संध्याकाळ, किंवा त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांची सकाळ बेस्ट. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी फिरलं की तुम्हीही फिरा.

दिसेल काय? ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी दिसली तर थांबा. नखाएवढा खेकडा वाळू तोंडात घेतो, त्यातलं खाणं काढतो आणि उरलेल्या वाळूचा गोळा करून टाकतो. पुढची भरती आली की सगळं पुसलं जातं आणि हा पुन्हा पहिल्यापासून सुरू! खडकांच्या डबक्यांत समुद्रफुलं दिसतील. एखादा शंख चालायला लागला तर घाबरू नका, आत संन्यासी खेकडा आहे. त्याचं अंग मऊ असतं, म्हणून तो रिकाम्या शंखात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. आपण पिशवीभर शंख घरी नेले की त्याची घरंच नेतो. म्हणून फोटो काढा, शंख राहू द्या. एकट्याने काही ओळखू येत नसेल तर ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या २०१७ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमाचे किनाऱ्यावरचे फेरफटके असतात, त्यात सामील व्हा.

आता सीरियस गोष्ट. पावसाळ्यात हा समुद्र वेगळाच असतो. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळाच्या दिवसांत जुहू कोळीवाड्याजवळ शाळकरी वयाची मुलं बुडाली. सगळी आपल्यासारखीच, फिरायला आलेली. म्हणून जून ते सप्टेंबर पाण्यात पाऊलही नको. लाल झेंडा दिसला किंवा जीवरक्षकाने शिट्टी मारली तर वाद घालू नका. आणि कधी ओढीत सापडलातच, तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नका. दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडा, हात वर करून मदत मागा.

पावसाळ्यातच वाळूवर निळे फुगे पडलेले दिसतात, ब्लू बॉटल. मेलेले वाटले तरी त्यांचे धागे डंख मारतात. डंख बसलाच तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि जीवरक्षकाला गाठा. पाकटही उथळ पाण्यात वाळूखाली बसते, म्हणून पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला.

वेळ उरला तर वर्सोव्याहून फेरीबोटीने मढला जा. दुचाकीही बोटीत चढते! कोळीवाड्यातून जाताना मात्र वाळत घातलेल्या मासळीत उभं राहून सेल्फी नको, आणि माणसांचे फोटो विचारून काढा. तो कुणाचा तरी रोजचा धंदा आहे, आपला सेट नाही.

तर मंडळी, गृहपाठ सोपा आहे. आज तिथी कोणती, ओहोटी किती वाजता? पाऊणपट करा आणि उत्तर कमेंटमध्ये टाका. ज्या मित्राला पावसातच समुद्रात उतरायची खाज आहे, त्याला हा एपिसोड आधी पाठवा. भेटू पुढच्या वेळी!